फायनान्सच्या पदवीचा ताळेबंद टाका आमच्या पुढ्यात!

पैशाचा हिशेब शिकवणारी एक पदवी मुंबई विद्यापीठात आहे, आणि तिचा स्वतःचा हिशेब कुणी विचारायचा नाही असा या शहराचा अलिखित कायदा आहे. तो कायदा आम्ही आज मोडतोय.

बी.कॉम. अकाउंटिंग अँड फायनान्स. पोरं त्याला बॅफ म्हणतात. बी.कॉम. फायनान्शियल मार्केट्स, म्हणजे बी.एफ.एम. बी.कॉम. बँकिंग अँड इन्शुरन्स, म्हणजे बी.बी.आय. मुलुंड-घाटकोपरपासून अंधेरी-बोरिवलीपर्यंत कुठल्याही स्टेशनाबाहेर पडा. क्लासच्या पाटीवर, कॉलेजच्या फाटकावर हीच अक्षरं. बारावीचा निकाल लागला की आपल्या वस्तीतल्या आयांनाही ती पाठ होतात. नुसतं बी.कॉम. करणारं पोरगं मागं पडलेलं आणि बॅफ करणारं पुढं गेलेलं, अशी नवी वर्णव्यवस्था एकाच कॉलेजच्या एकाच जिन्यावर उभी राहिलीय.

या कोर्सांच्या कपाळावर एक गोंदण आहे : सेल्फ फायनान्स. सरकारी मराठीत विनाअनुदानित. 1999-2000 च्या सुमाराला विद्यापीठानं बी.एम.एस. सुरू केलं आणि त्याच वाटेनं पुढं बॅफ, बी.बी.आय., बी.एफ.एम. आले. इमारत तीच, फळा तोच, पाण्याची टाकी तीच. एका खोलीत अनुदानातलं बी.कॉम., बाजूच्या खोलीत विनाअनुदानित बॅफ. पहिल्या खोलीतल्या मास्तरचा पगार सरकार देतं. दुसऱ्या खोलीतल्या मास्तरचा पगार पोराच्या बापाच्या खिशातून निघतो. म्हणून पहिल्याची फी काही हजारांत आणि दुसऱ्याची कितीतरी पट.

सेल्फ म्हणजे स्वतः. पण हा 'स्वतः' कोण? ट्रस्टी? विद्यापीठ? मंत्रालय? यांतला एकही नाही. हा 'स्वतः' म्हणजे पवईच्या टॉवरात चार घरची भांडी घासणारी माझी शेजारीण. हा 'स्वतः' म्हणजे कंत्राटावर गटारं उपसणारा तिचा नवरा. फायनान्स त्यांचा आणि इमारतीवर नाव शेटजीच्या आईचं!

कुणी म्हणेल, तू मॅट्रिक झालेला गोदी कामगार. रात्री कविता लिहितोस. विद्यापीठाच्या पदवीची किंमत करणारा तू कोण रे?

उत्तर ऐका. गोदीत बोटीतून माल उतरतो तेव्हा एकाच्या पाठीवर पोतं असतं आणि एकाच्या हातात पेन्सिल. पोतं वाहणाऱ्याला किती उचललं ते त्याचं अंग सांगतं. पेन्सिलवाला टॅलीच्या कागदावर आकडा लिहितो. पाळी सुटताना खरं काय ठरतं? कागदावरचा आकडा. अंगाची साक्ष कुठल्याही हपिसात चालत नाही. फायनान्सचं पहिलं सूत्र हेच, आणि ते शिकायला मला फी पडली नाही. या देशात पिढ्यान्‌पिढ्या पोतं आमच्या पाठीवर आणि पेन्सिल त्यांच्या हातात राहिली. कुळकर्ण्याच्या दप्तरात, सावकाराच्या वहीत आमचा फक्त अंगठा होता. तेव्हा ही पेन्सिल आज कुठल्या दुकानात कितीला विकतात आणि ती लिहिते तरी का, हे तपासायचा पहिला हक्क पोतं वाहणाऱ्याचा आहे. तर मांडू या खातं.

खातं पहिलं : पैसा कुणी टाकला?

महात्मा फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढं निवेदन दिलं. सरकारचा महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा खर्च वरच्या वर्गांवर होतो, हा त्यातला मुद्दा होता. तेव्हा निदान सरकार खर्च तरी करत होतं. आज आमच्याकडून कर दोनदा घेतात. एकदा तेल-साबणाच्या पुडीवर आणि दुसऱ्यांदा कॉलेजच्या खिडकीवर, फी म्हणून.

लगेच कुणी सांगेल, तुम्हाला तर स्कॉलरशिप आहे! आहे ना. डिसेंबर 2020 मध्ये केंद्र सरकारनं अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी पाच वर्षांचे 59,048 कोटी रुपये जाहीर केले. साठ टक्के केंद्राचे, चाळीस टक्के राज्याचे. पेपरात फोटो आले. आता हा पैसा चालतो कसा ते बघा. अडीच लाखांच्या आतला उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, ऑनलाइन अर्ज, कॉलेजचा शेरा, समाजकल्याणचा शेरा. राज्याचा वाटा एकदा, केंद्राचा दुसऱ्यांदा, थेट पोराच्या खात्यात. तो त्यानं कॉलेजात नेऊन भरायचा. दोन्ही सरकारांचा हात आखडला तर कॉलेज कुणाची मान धरतं? पोराचीच.

आमच्या गल्लीतल्या एका पोरीनं हेच सोसलं. कॉलेजचं नाव सांगत नाही, सगळ्यांचं एकच आहे. शिष्यवृत्ती आली नाही म्हणून हॉल तिकीट अडवलं. आईनं भिशी फोडली, मंगळसूत्राचे मणी मोडले, तेव्हा परीक्षेला बसली. पैसे आले तेव्हा दुसरं वर्ष अर्धं सरलं होतं. मधल्या काळातलं व्याज कुणी भरलं? पहिल्याच सत्रात शिकवतात की आजचा रुपया आणि उद्याचा रुपया सारखा नसतो. तोच मास्तर, तीच संस्था, तेच सरकार आमच्या पोरीचा रुपया दीड वर्ष वापरतं आणि व्याजाचं नाव काढत नाही!

याला मी किरकोळ दिरंगाई म्हणणार नाही. हैदराबादच्या विद्यापीठात रोहित वेमुला 17 जानेवारी 2016 ला गेला. मरताना लिहिलेल्या पत्रात त्यानं थकलेल्या सात महिन्यांच्या फेलोशिपचा, पावणेदोन लाखांचा हिशेब लिहून ठेवला. आमच्या पोरांना मरतानाही येणं-देणं लिहावं लागतं. सांगा, फायनान्सच्या कुठल्या पुस्तकात हे उदाहरण घातलंय?

खातं दुसरं : हातात काय पडलं?

तीन वर्षं, सहा सत्रं. बॅफमध्ये हिशेबशास्त्र, कॉस्टिंग, ऑडिट, इन्कम टॅक्स, जीएसटी. बी.एफ.एम.मध्ये शेअर, रोखे, म्युच्युअल फंड, डेरिव्हेटिव्हज. विषय खोटे नाहीत. मन लावून शिकलेलं पोरगं कंपनीचा ताळेबंद वाचू शकतं आणि ही मोठी ताकद आहे. हे मी नाकारत नाही. पण तेवढीच फी घ्यायची असेल तर सांगा ना पोरांना, या पदवीनं कुठलं दार उघडतं?

सी.ए. व्हायचंय? बारावीनंतर फाउंडेशनची परीक्षा देऊन शिरता येतं. पदवी झाल्यावर थेट इंटरमिजिएटला जायचं तर कॉमर्सचे 55 टक्के लागतात, आणि ते अनुदानातल्या साध्या बी.कॉम.चेही चालतात. सरकारी बँकेत क्लार्क किंवा ऑफिसर व्हायचंय? आयबीपीएसला कुठल्याही शाखेचा पदवीधर बसतो. मराठी साहित्यवालाही. शेअरबाजारात काम करायचंय? त्यासाठी सेबीनं घालून दिलेल्या एन.आय.एस.एम.च्या परीक्षा वेगळ्या द्याव्या लागतात आणि त्यांना बसायला बॅफ, बी.एफ.एम.ची अट नाही.

म्हणजे तिन्ही दारांची किल्ली दुसरीकडं मिळते आणि आमचा बाप कुलपाच्या चित्राचे पैसे भरतो!

मग फरकाची रक्कम कशाची? सांगतो. इंग्रजीची. टायची. प्रेझेंटेशनची. ज्याचा काका दलाल स्ट्रीटवर आहे त्या पोराच्या शेजारी बसण्याची. इंटर्नशिप फोनवर मिळते आणि फोन नात्यात फिरतो. हा खरा अभ्यासक्रम, आणि तो विद्यापीठाच्या कुठल्याही परिपत्रकात छापलेला नसतो. आमचं पोरगं मार्कं आणतं, मुलाखतीला जातं. आडनाव विचारतात. राहता कुठं विचारतात. ते घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगराचं नाव घेतं. 11 जुलै 1997 ला जिथं पोलिसांच्या गोळ्यांनी दहा माणसं मारली ती वस्ती. समोरचा हसून म्हणतो, कळवतो. तो कधी कळवत नाही.

आणि हे बघा. 1969 साली 14 बँका राष्ट्रीय झाल्या, 1980 ला आणखी सहा. आपल्या कित्येक घरांत पहिला पांढरा शर्ट त्या बँकांतल्या आरक्षणानं आला. 2017 ला 27 सरकारी बँका होत्या, विलीन करत करत 2020 ला 12 उरल्या. सरकारी दार अरुंद झालं. खाजगी बँकेत, ब्रोकरकडं, फंड हाउसात आरक्षण नाही. म्हणजे ज्या बाजारासाठी ही पदवी पोरं घडवते त्याच बाजारात आपल्या हक्काचा कायदा पोचत नाही. पदवीची किंमत करताना हा आकडा वजा करायचा की नाही?

खातं तिसरं : दारात कुणाला उभं केलं?

उपनगरातल्या पुष्कळ नावाजलेल्या कॉलेजांना अल्पसंख्याक दर्जा आहे. कुठं गुजराती भाषिक, कुठं हिंदी, कुठं सिंधी, कुठं धार्मिक. 2005 च्या 93 व्या घटनादुरुस्तीनं खाजगी शिक्षणसंस्थांत आपल्यासाठी आरक्षणाची वाट उघडली आणि त्याच ओळीत अल्पसंख्याक संस्था वगळल्या. या कॉलेजांनीही मागासवर्गीयांच्या जागा ठेवाव्यात असं मुंबई विद्यापीठाचं 2001 चं परिपत्रक होतं. मुंबई हायकोर्टानं 2017 साली ते रद्द केलं.

इथं गल्लत नको. अल्पसंख्याकांच्या हक्काविरुद्ध आपण नाही. कलम 30 ज्या घटनेत आहे ती बाबासाहेबांच्या हातून गेलेली घटना आहे. भेदरलेल्या समाजाला शाळा काढू द्या, चालवू द्या, आम्ही तिच्या राखणीला उभे राहू. पण ज्यांच्या हातात या शहराचा बाजार आहे, पेढ्या आहेत, दलाली आहे, त्यांनी भाषेच्या नावानं दुबळेपणाचं सर्टिफिकेट घ्यायचं आणि त्या सर्टिफिकेटाच्या आडून फायनान्सच्या वर्गात महार-मांग-चांभाराच्या पोराचा हक्क नाकारायचा? बाजार तुमचा, बाजाराचं शिक्षण तुमचं आणि अल्पसंख्यही तुम्हीच! वा रे व्यापार!

खातं चौथं : शिकवलं काय आणि झाकलं काय?

सेबीनं सप्टेंबर 2024 मध्ये आपला अभ्यास जाहीर केला. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून जास्त माणसांपैकी 93 टक्के तोट्यात गेले. एकूण तोटा 1.8 लाख कोटींच्या वर. पलीकडच्या बाजूनं कमावलं ते मोठ्या ट्रेडिंग कंपन्यांनी आणि परदेशी फंडांनी, तेही बहुतेक संगणकाच्या अल्गोरिदमवर. आपल्या नाक्यावर जाऊन बघा. रिक्षावाला, डिलिव्हरीवाला, बेकार ग्रॅज्युएट, सगळे मोबाईलवर ऑप्शन घेतायत. पूर्वी मटक्याचा आकडा लावायचे, आता त्याला इंग्रजी नाव आलंय. ज्या पदवीत डेरिव्हेटिव्हज शिकवतात तिनं आपल्या पोरांना या 93 टक्क्यांच्या मढ्यावरून चालवून न्यायला हवं.

सप्टेंबर 2019. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक, मुख्य कचेरी भांडुपला. रिझर्व्ह बँकेनं निर्बंध घातले आणि पहिल्यांदा खातेदाराला सहा महिन्यांसाठी फक्त हजार रुपये काढायची मुभा दिली. एचडीआयएल या बिल्डर कंपनीला दिलेलं कर्ज झाकायला बँकेत हजारो खोटी खाती उभी केली होती, हे बाहेर आलं. रांगेत कोण होतं? रिक्षावाले, पेन्शनीवाले, छोटे दुकानदार. त्या बँकेचे हिशेब लिहिणारे आणि तपासणारे अंगठेबहाद्दर होते का? शिकलेसवरले होते, साहेब! पेन्सिल चालवता येणं आणि खरं लिहिणं यांत जे अंतर आहे तिथंच गरीब माणूस बुडतो. 2022 च्या जानेवारीत ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली आणि मोठ्या ठेवीवाल्यांच्या वाट्याला वर्षानुवर्षांचे हप्ते आले.

आणि सगळ्यात मोठं झाकलेलं नाव. या देशात फायनान्सचा अभ्यास कुणी केला? ज्याला वर्गात पाण्याला शिवू देत नव्हते त्यानं. 1915 ला कोलंबियात ईस्ट इंडिया कंपनीच्या वित्तकारभारावर प्रबंध. 1923 ला लंडनमध्ये रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ. 1925 ला प्रांतिक अर्थव्यवस्थेवर दुसरा. त्याच वर्षी चलनाच्या रॉयल कमिशनपुढं साक्ष. रुपया घसरला की व्यापारी फुगतो आणि मजुराच्या मजुरीची खरी किंमत पडते, हे त्यांनी मांडलं. ते 1918 ला सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले तेव्हा सहकारी प्राध्यापकांना त्यांनी स्टाफरूमच्या भांड्यातलं पाणी पिणं खुपलं. त्याच सुमारास पोटासाठी त्यांनी शेअरच्या धंद्यात सल्ला देणारी कचेरी उघडली. सल्ला चांगला होता, गिऱ्हाईक येत होतं. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळलं आणि गिऱ्हाईक बंद झालं. धनंजय कीरांनी चरित्रात हे नोंदवलंय.

वाचा हे पुन्हा, बी.एफ.एम.च्या मित्रांनो! बाजाराला फक्त नफा कळतो, जात कळत नाही, असं तुम्हाला शिकवतात ना? त्या बाजारानं नफा देणारा सल्ला सोडला पण जात सोडली नाही. बाजाराचं यापेक्षा खरं प्रकरण कुठल्या अमेरिकन पुस्तकात सापडेल?

आता आपल्याच लोकांशी दोन शब्द. चळवळीतले काही दोस्त म्हणतात, फायनान्स ही भांडवलदारांची विद्या, आपल्या पोरांनी तिकडं जाऊच नये. साहित्य करावं, मोर्चा काढावा. मीही कविता करतो, मोर्चात लाठी खाल्लीय. म्हणून स्पष्ट सांगतो, हे बोलणं आपल्याला पुन्हा पोत्याखाली घालणारं आहे. वस्तीत बिल्डर येतो आणि शंभर पानांचा करार टाकतो. भाडं किती, कॉर्पस किती, त्याची बँक गॅरंटी कुठाय, कोण वाचणार? पतपेढी बुडते, भिशीवाली पळते, मोबाईलवर कर्ज देणारे बायकांच्या फोटोंची बदनामी करतात, व्याजाचा दर कोण काढणार? समाजकल्याणचा अखर्चित निधी बजेटच्या कुठल्या पानात दडवला, कोण शोधणार? कवितेनं आग लागते. आग लागल्यावर नुकसानभरपाईचा अर्ज मात्र आकड्यांत भरावा लागतो. बाबासाहेबांनी 1946 ला सिद्धार्थ कॉलेज काढलं आणि 1953 ला खास कॉमर्स-इकॉनॉमिक्सचं कॉलेजही काढलं. त्यांना ही विद्या परकी वाटली नाही आणि आपल्याला वाटते?

तेव्हा आमच्या पोरांनी फायनान्स शिकायचंच. पण गिऱ्हाईक म्हणून आत जायचं नाही. ऑडिटर म्हणून जायचं, आणि पहिलं ऑडिट आपल्याच कॉलेजचं करायचं.

आमच्या मागण्या :

1. प्रत्येक सेल्फ फायनान्स कोर्सची जमा-खर्चाची पत्रकं दर वर्षी कॉलेजच्या फाटकावर, मराठीत लावा. किती फी आली, मास्तरांना किती गेली, शिल्लक कुठं गेली.

2. किती अनुसूचित जाती-जमातींची पोरं आली, किती टिकली, किती जणांना काम लागलं आणि कितीचं, हे आकडे जाहीर करा. नोकऱ्यांच्या जाहिरातीत एकाच पोराचा फोटो छापायची चलाखी बंद.

3. शिष्यवृत्ती सरकार आणि कॉलेज यांच्यातला व्यवहार आहे. त्यासाठी पोराचं हॉल तिकीट, निकाल, दाखला अडवणाऱ्यावर कारवाई. उशिराच्या पैशावर व्याज, आणि ते पोराला.

4. फायनान्सची पदवी अनुदानात घ्या. जोगेश्वरीला इस्माईल युसुफ हे सरकारी कॉलेज 1930 पासून उभं आहे. असल्या सरकारी जागांत नोकरी करणाऱ्या पोरांसाठी सकाळ-रात्रीचे वर्ग सरकारी खर्चानं चालवा.

5. बाबासाहेबांचा रुपयावरचा ग्रंथ, फुल्यांचं 1882 चं निवेदन, पीएमसी बँकेची बुडी आणि सेबीचा 93 टक्क्यांचा अहवाल बॅफ-बी.एफ.एम.च्या प्रत्येक वर्गात सक्तीनं शिकवा.

6. खाजगी वित्तसंस्थांत आरक्षण. ठेवी आमच्या चालतात, तर आम्हीही चाललो पाहिजे.

तोवर बारावी झालेल्या पोरापोरींना आमचं सांगणं साधं आहे. साधं बी.कॉम. अनुदानात मिळत असेल तर लाजू नका. ते करा आणि सोबत सी.ए., आयबीपीएस, एन.आय.एस.एम. यांतलं एक धरा. बॅफ, बी.एफ.एम. घेणार असाल तर आधी खिडकीवर तीन प्रश्न विचारा : पूर्ण तीन वर्षांची फी लेखी द्या, फ्रीशिपवाल्याकडून आगाऊ पैसे घेणार नाही असं लेखी द्या, गेल्या वर्षी आमच्यातल्या किती जणांना काम लागलं ते लेखी द्या. तोंडी उत्तर घेऊ नका. तोंडी उत्तरावर आमचे आजे-पणजे बुडाले.

प्रवेशाचे दिवस आले की फीची पावती, अर्जाची प्रत, अडवलेल्या दाखल्याचं पत्र घेऊन आपापल्या वस्तीच्या बुद्धविहारात जमा. मुलुंडची पावती घाटकोपरच्या शेजारी ठेवा, अंधेरीची बोरिवलीच्या. बेरीज आपण करू. आणि ती बेरीज घेऊन विद्यापीठाच्या दारात जाऊ, विनंतीअर्ज न घेता, वसुलीची नोटीस घेऊन.

जय भीम!